पणजोबांच्या बंदुकीचे हरवलेले भाग: कुठले करून घ्यावेत, कुठले राहू द्यावेत

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: गुहागरकडच्या जुन्या घराच्या माळ्यावर पणजोबांची लष्करी रायफल सापडली. घोडा नाही, ठासायचा गज नाही, तोंडाकडची पितळी टोपी नाही, नळीला दस्त्याशी बांधणाऱ्या तीन पट्ट्यांपैकी मधला गायब आणि वरच्या पट्ट्याची कडीही गेलेली. नळीवर गंज आहे. परदेशातल्या साइटवर हे सगळे भाग विकायला दिसतात, तर कुठून मागवावेत? आणि गणपतीला सगळी भावकी जमायच्या आत ती लखलखीत करून ओटीवर लावता येईल का?

मी मूळचा टूलरूममधला फिटर. नोकरी संपल्यापासून रत्नागिरीत जुन्या धातूच्या वस्तूंचं काम करतो: देवळातल्या समया, वाड्यांची कुलपं, पेट्यांचे कोयंडे, तलवारींच्या मुठी, आणि अधूनमधून अशी एखादी बंदूक. त्या कामावरून सांगतो, भाग कुठे मिळतील हा तुमच्यापुढचा शेवटचा प्रश्न आहे. खरा प्रश्न असा की गेलेल्या भागांपैकी कुठले भरायचे. टोपी, पट्टा, कडी हे अंगावरचे दागिने म्हणा. ते करून घेता येतात आणि चांगले होतात. घोडा आणि त्याच्याखालचं निपल (घोडा ज्यावर आपटतो ती बारीक नळी) यांच्यावर बार उडतो, आणि त्यांच्या वाटेला जायचं नाही. का, ते खाली सांगतो.

पण त्याआधी एक गोष्ट आजच करा. ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी हे बाहेरून कळत नाही. रानडुकरासाठी रात्री भरून ठेवली, डुक्कर आलंच नाही, पुढे माणूस गेला आणि बंदूक तशीच माळ्यावर गेली, असं आपल्याकडे होऊन गेलेलं आहे. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. घोडा नाही म्हणून निर्धास्त राहू नका. दारूला ठिणगी पुरते, तिला घोडा लागत नाही.

बंदूक आडवी ठेवा, तोंडासमोर कुणी नको, तुम्हीही बाजूला उभे राहा. एक सरळ लाकडी काठी (लोखंडी सळई अजिबात नको) नळीत हळू सरकवा. टेकली की तोंडाशी पेन्सिलची खूण करा. मग काठी बाहेर काढून, खूण तोंडाशी जुळवून, नळीच्या बाहेरून धरा. तिचं दुसरं टोक निपलच्या जागेपर्यंत पोचत असेल तर नळी बहुधा रिकामी आहे. दोन-तीन इंच अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. कुंभारमाशीचं घर असेल, चिंध्या असतील किंवा बार असेल. ते उकरून बघायचं नाही. पोलीस ठाण्याला कळवायचं, तिथून आर्मररकडे (पोलिसांच्या शस्त्र-कारागिराकडे) जाईल. आणि आत काही असो वा नसो, गंजलेला स्क्रू सुटत नाही म्हणून गॅसची ज्योत मारायला निघालेल्या मेस्त्रीला घरात घेऊ नका.

आता कायदा. मी वकील नाही, पण हे काम करायचं तर शस्त्र अधिनियम १९५९ जवळ ठेवावाच लागतो. त्याच्या कलम ४५ मध्ये एक सूट आहे: जुनाट नमुन्याचं, पुरातन मूल्याचं किंवा नादुरुस्त हत्यार, जे दुरुस्त न करता किंवा दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. लोक यातलं ‘पुरातन’ तेवढं वाचतात आणि खूश होतात. सगळा जोर ‘दुरुस्त करूनही’ यावर आहे. तुमच्या बंदुकीला घोडा नाही म्हणून ती आज उडत नाही, पण घोडा बसवून उडणार असेल तर ती या सुटीत बसते असं धरून चालता येत नाही. आणि तुम्ही खरोखरच घोडा बसवलात तर सूट मागायला तोंडच राहत नाही. शिवाय बंदुकीच्या व्याख्येत तिचे सुटे भागही येतात, आणि परवान्याशिवाय दुरुस्ती करणं हा कलम ५ चा वेगळा गुन्हा आहे. परदेशातून कुरियरने आलेला ‘जुना एनफिल्ड घोडा’ कस्टमच्या टेबलावर उघडला की तो कुणाला अँटिक दिसत नाही.

आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात ही गोष्ट जास्त नाजूक आहे. शेती संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका इथे अजून वापरात आहेत, निवडणूक आली की त्या ठाण्यात जमा होतात, आणि विनापरवाना ठासणीच्या बंदुकीने शिकार करणाऱ्यांवर गुन्हेही नोंदले जातात. त्यामुळे पुण्या-मुंबईत जी शोभेची वस्तू ठरेल, ती इथल्या हवालदाराला रोजच्या ओळखीचं हत्यार वाटते. त्याचं चूकही नाही.

म्हणून पुढचं सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे. घरात जुना परवाना असेल, आजोबांच्या ट्रंकेत, सातबाराच्या चळतीत, कुठेही, तर तो आधी शोधा. वारसाने परवाना नावावर करून घेण्याचा रस्ता जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून जातो. परवाना कधीच नसेल, तर कुणीतरी जाणकाराची ओळख काढून, एक साधा अर्ज लिहून, बंदूक सापडल्याचं स्वतःहून कळवा आणि ती निकामी असल्याचं किंवा नसल्याचं लेखी मिळवा. ते ठरवण्याचा अधिकार ना तुम्हाला, ना मला. तो कागद हातात आल्याशिवाय मी स्वतः कानस उचलत नाही, ओळखीच्या माणसासाठीही नाही. आणि जर तुमची बंदूक फोटोत दिसते तशी नसून बोल्टची, खाली मॅगझिन असलेली पॉइंट थ्री-नॉट-थ्री निघाली, तर हे उत्तर इथेच थांबवा. ते बोर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप) खासगी माणसासाठी प्रतिबंधित आहे. त्यात जीर्णोद्धार वगैरे काही नाही, थेट ठाणं.

फोटोवरून मला ती १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड किंवा तिच्या कुळातली वाटते. तीन पट्टे, एका अंगाला कुलूप (घोडा चालवणारी कळ), कुलुपाच्या पाटीवर मुकुट आणि ‘टॉवर’ ही अक्षरं. अस्सल लांब एनफिल्डची नळी ३९ इंच, एकूण लांबी ५५ इंच आणि वजन चार किलोच्या वर असतं. हीच ती १८५७ च्या काडतुसांची बंदूक. त्या उठावानंतर इंग्रजांनी देशी पलटणींना दिसायला तशीच पण आतून गुळगुळीत नळीची, ०.६५६ इंच बोरची बंदूक दिली. मूळ रायफलीचं बोर ०.५७७ आणि आत तीन खाचा. काठीची परीक्षा नीट पार पडली असेल तर तोंडाशी बोर मोजा. ते मोठं आणि गुळगुळीत असेल तर ती रायफल नव्हेच, उठावानंतरची देशी पलटणीची मस्केट आहे, आणि खरं सांगायचं तर आपल्या भागाच्या इतिहासाला तीच जास्त जवळची. पाटीवर मागच्या पायांवर उभा राहून पंजात मुकुट धरलेला सिंह असेल तर कंपनी सरकारचा माल.

‘टॉवर’ ही अक्षरं मात्र एकट्याने काही सिद्ध करत नाहीत. हे छाप खपतात हे माहीत असल्याने बाजारू बंदुकांवर आणि गावठी कारागिरांच्या बंदुकांवरही ते मारलेले सापडतात. आणि घरातली गोष्ट, की पणजोबांना निवृत्तीच्या वेळी पलटणीने ही बंदूक बक्षीस दिली, तीही जरा सांभाळून सांगा. रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबई फौजेत माणसं भरपूर गेली, कॅम्प दापोलीत तर पेन्शनर शिपायांची वस्तीच होती. पण शिपाई निवृत्त होताना सरकारी बंदूक सहसा सरकारजमाच होई. जुनी झालेली लष्करी बंदूक नंतर व्यापाऱ्याकडून परवान्यावर विकत घेतली आणि बागेच्या राखणीला लावली, ही शक्यता मला जास्त वाटते. त्यात काही कमीपणा नाही. दस्त्यावर विळ्या-कोयत्याचे वार आणि खोबरेलाचा थर असेल तर तो तिच्या दुसऱ्या नोकरीचा पुरावा आहे.

ही ओळख पटवायची एवढ्यासाठी की त्यावर सुट्या भागाचं गणित ठरतं. एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकेहून यंत्रं आणून १८५० च्या दशकाच्या अखेरीला एकाचा भाग दुसऱ्याला बसेल अशा बंदुका निघू लागल्या. बर्मिंगहॅमच्या ठेकेदारांच्या बंदुका मात्र हाताने जुळवलेल्या. त्यांचा पट्टा त्याच बंदुकीला बसतो, शेजारच्या बंदुकीला नाही. आणि आज साइटवर जे भाग दिसतात ते बरेचसे इटलीत बनणाऱ्या प्रतिकृतींचे असतात. माप जवळपास तेच, पण ‘जवळपास’ म्हणजे तुम्ही लाकूड खरवडून त्याला जागा करणार. दीडशे वर्षांचं अक्रोडाचं लाकूड नव्या पट्ट्यासाठी तासलेलं मी पाहिलंय. पट्टा उद्या बदलता येईल, लाकूड परत येत नाही. म्हणून मी म्हणतो, भाग मागवू नका, मापाने करून घ्या.

कामाची सुरुवात गंजापासून. समुद्रकाठच्या लोखंडावर दोन प्रकारचा गंज असतो आणि दोघांना एकच औषध चालत नाही. घट्ट, काळपट-तपकिरी, नखाने न निघणारा थर हा मेलेला गंज. तो राहू द्यायचा, उलट तोच नळीचं रक्षण करतो. दुसरा जिवंत. मिरगाच्या आसपास हवा दमट झाली की नळीवर बारीक नारिंगी थेंब उभे राहतात, वाळले की त्यांची पोकळ टरफलं उरतात. त्यांच्याखाली मीठ बसलेलं असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि लोखंड आतून खातं. वरून कितीही तेल लावा, खाली काम चालूच.

लाकडाला लागून असलेल्या नळीवर मी आधी पातळ तेल सोडतो, दोन दिवस मुरू देतो आणि तांब्याच्या पट्टीच्या कडेने फोड तेवढे उचलतो. तांबं लोखंडापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा उठत नाही. मग डिस्टिल्ड वॉटरने ओला केलेला कापूस त्या खड्ड्यावर ठेवायचा, बदलायचा, परत ठेवायचा, म्हणजे मीठ निघत जातं. सुटे होणारे पट्टे आणि स्क्रू सरळ डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळता येतात, पाणी बदलत बदलत. विहिरीचं पाणी नको, किनाऱ्याजवळच्या विहिरींत मीठ असतंच. मग पूर्ण वाळवून मेण. संडास साफ करायचं ॲसिड, तारेची चाकं, ग्राइंडर, सँडब्लास्टिंग यांतलं काहीही नको. ॲसिडने गंज जातो हे खरं, पण त्यातला क्लोराइड खड्ड्यात राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात दामदुपटीने वसूल करतो. नळीच्या आतून सफाई करण्याच्या भानगडीत तर पडूच नका. त्याची शोभेला गरज नाही आणि कागदोपत्री ते वाईट दिसतं.

स्क्रूंबद्दल थोडं. खाचेत घट्ट बसेल असं पेचकस कानसीने घडवून घ्या, पाचरीसारखं निमुळतं नको. आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं. हललं नाही तर परत तेल आणि परत थांबणं. या बंदुकांचे आटे आजच्या मेट्रिक आट्यांशी जुळत नाहीत. मेट्रिकचा कोन ६० अंशांचा, जुन्या इंग्रजी व्हिटवर्थचा ५५, आणि बंदुकांच्या बारीक स्क्रूंचे आटे तर कारखान्यागणिक वेगळे. हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू दोन फेरे छान जातो, तिसऱ्याला जुना आटा कापत आत शिरतो. भोकाच्या मापाने लेथवर नवा स्क्रू काढायचा, भोक स्क्रूच्या मापाने वाढवायचं नाही. डोक्याला सरळ एक खाच. फुली असलेला स्क्रू या बंदुकीनंतर कित्येक दशकांनी आला, आणि तो एक जरी दिसला तरी जाणकाराचं बाकी कशावर लक्षच जात नाही.

आता मधला पट्टा. नळी तोंडाकडे निमुळती होत जाते, त्यामुळे तिन्ही पट्टे वेगवेगळ्या मापाचे, आणि मधल्याचं माप उरलेल्या दोघांची सरासरी काढून मिळत नाही. ते लाकडावर लिहिलेलं असतं. पट्ट्याखालचं लाकूड उजेडाने काळवंडलेलं नसतं, तिथे फिकट पट्टी दिसते. तिच्या दोन्ही कडांना लोखंडाचा काळा डाग आणि बोटाला लागेल न लागेल असा दाब. ती फिकट पट्टी म्हणजे पट्ट्याची रुंदी. कागदाची अरुंद फीत त्या जागेवर नळीसकट गुंडाळा, टोकावर टोक आलं तिथे ब्लेडने दोन्ही थर एकदम कापा. उघडलीत की अचूक घेर. वरच्या आणि खालच्या कडेला वेगवेगळी फीत घ्या, फरक थोडाच असेल पण असेल. दिवा तिरपा धरला तर पट्ट्याचा स्क्रू कुठल्या अंगाला होता तेही लाकडात दिसतं.

घडवायला साधी एम.एस. (माइल्ड स्टीलची) पट्टी पुरते. जाडी उरलेल्या पट्ट्याची मोजून घ्यावी. लाकडाचा किंवा लोखंडाचा त्या आकाराचा ठोकळा करायचा, पट्टी लाल तापवून हळूहळू थंड करून मऊ करायची आणि ठोकळ्यावर बसवायची. स्क्रूचे कान वेगळे करून चांदीच्या डागाने झाळतात. चांगला लोहार हे करेल, पण ‘भक्कम’ करू नको हे त्याला दहादा सांगावं लागतं. त्याच्या हाताला पहारी आणि कोयत्यांची सवय. शेवटचं बसवणं स्वतः कानसीने. पट्ट्याच्या आत काजळी लावायची, सरकवून बघायचं, लाकडावर काळं लागलं तिथे पट्टा घासायचा. घासायचा तो पट्टा, लाकूड नव्हे.

नवा पट्टा चकचकीत दिसतो आणि जुन्यांच्या मध्ये खटकतो. मूळचे पट्टे काळसर निळे असत. तो रंग घरी येतो. साबणाच्या गरम पाण्याने तेलकटपणा घालवा, मग हात न लावता तारेने बंद खोलीत टांगा. आपल्याकडच्या पावसाळ्यात एका रात्रीत बारीक लाल लव धरते. उघड्या पडवीत टांगू नका, खारा वारा खड्डे पाडतो. ती लव आली की पट्टा डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळायचा. लाल गंजाचा काळा मॅग्नेटाइट होतो. मऊ तारेच्या ब्रशने सैल काजळी झाडायची, परत टांगायचा, परत उकळायचा. चार-सहा फेऱ्यांनी रंग गडद आणि पक्का होतो. हिरड्याच्या काढ्यानेही लोखंड काळं होतं, त्यातल्या टॅनिनमुळे. नव्या भागावर तो चालेल. जुन्या नळीवर मी काढा लावत नाही, त्यात टॅनिनखेरीज आणखी काय काय असतं ते माझ्या ताब्यात नसतं.

वरच्या पट्ट्याची कडी सोपी आहे. गोल सळीची वाकवून करायची आणि रिबिट मारायची. तिच्यावर वेळ घालवू नका, फक्त सळी जाड घेऊ नका.

पितळी टोपीवर मात्र थांबायला हवं. ती दोन प्रकारे होते: ओतून किंवा पत्र्यातून ठोकून. ओतकाम ओताऱ्याकडे. इथे लोकांना एक गोष्ट लक्षात येत नाही: पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. शंभर मिलिमीटरचा नमुना दिलात तर साडेअठ्ठ्याण्णवचा भाग हातात येतो. दुसऱ्या बंदुकीची टोपी उसनी आणून तिचाच साचा काढला तर येणारी टोपी लाकडावर चढतच नाही. म्हणून मेणाचा नमुना थेट तुमच्या लाकडावर घडवायचा, लाकडाला आधी पातळ प्लास्टिकची फिल्म लावून, आणि बाहेरून जाड ठेवायचा. मग ओतल्यावर आतून घासून बसवायचा. ही टोपी दस्त्याच्या टोकाला स्क्रूने धरलेली असे. नळी काढल्यावर खाचेत त्याचं जुनं भोक दिसेल, तेच वापरा, नवं पाडू नका.

रंगाचा प्रश्न वेगळा. बाजारातलं लेथचं पितळ शिसं मिसळलेलं आणि पिवळंजर्द असतं. चापाभोवतीचं जुनं कडं तुमच्याकडे शाबूत आहे, त्याच्या लपलेल्या बाजूला एक बारीक ओरखडा काढून ताज्या धातूचा रंग बघा. बहुतेक तो लालसर निघेल. ओताऱ्याकडे मोडीतली जुनी भांडी असतात, त्यातला रंगाला जुळेल तो तुकडा निवडून तोच ओतायला सांगा. नंतर रसायनाने पितळ काळं करण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

पत्र्यातून ठोकलेली टोपी स्वस्त पडते आणि हलकी होते, पण ठोकलेल्या पितळात ताण साठून राहतो. अशा पितळाला दमट हवेत अमोनियाची वाफ लागली की ते आपोआप तडकतं. हा शोध लागला तो इथल्याच पावसाळ्यात. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं तबेल्यांजवळ साठवलेली असत, घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पावसाळी दमटपणा मिळून काडतुसांना चिरा पडत. त्याचं शास्त्रीय कारण १९२१ मध्ये मांडलं गेलं. तुमच्या घराची ओटी आणि गोठा यांच्यात एक भिंत असेल, तर तुमची टोपी त्याच काडतुसांच्या जागी आहे. उपाय सोपा आहे: ठोकून झाल्यावर टोपी अडीचशे ते तीनशे अंशांवर तासभर ठेवायची आणि सावकाश निववायची. ताण जातो, पितळ फार मऊही पडत नाही. कारागिराला हे करायला सांगा आणि समोर उभं राहून करून घ्या. याच कारणाने अमोनिया असलेलं पितळेचं पॉलिश बंदुकीवर नको. आणि आमसूल-चिंच-राख हा समयांचा थाट इथे अजिबात नको. आंबट पाणी लाकूड आणि पितळ यांच्या सांध्यात शिरतं, तिथून ते कधीच धुतलं जात नाही.

तेलाचंही तेच. कोकणात सगळ्याला खोबरेल. पितळेवर ते खवटतं, त्यातली आम्लं तांब्याशी मिळून हिरवा चिकट मळ करतात. चापाच्या कड्याच्या कोपऱ्यांत तुम्हाला तो दिसेलच. बांबूच्या काडीने खरवडा, स्पिरिटच्या कापडाने पुसा. धातूवर मायक्रोक्रिस्टलाइन मेण, ते नसेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पुसट हात. लाकडावर जवसाच्या तेलाचा एक पातळ हात, आणि पुसून कोरडा. फ्रेंच पॉलिशवाला घरात आला तर त्याला चहा द्या आणि कपाट दाखवा.

गज. पूर्ण लांबीचा लोखंडी गज हा ठासायचाच असतो, त्यामुळे तो मी करून देत नाही. पण दस्त्याखालची मोकळी खाच डोळ्याला खुपते हे खरं. त्यावर एक तोड आहे: फक्त बाहेर दिसतो तेवढ्या लांबीचा तुकडा, पुढे गजाचं डोकं कोरलेलं, मागचं टोक आत मेणाने पकडलेलं. भिंतीवर पूर्ण गज दिसतो, हातात घेतलात तर वीतभराचा तुकडा.

आणि घोडा. लाकडाचा किंवा रेझिनचा खोटा घोडा चिकटवून द्या अशी मागणी होते. लेखी कागद हातात असेल तर त्यात बेकायदा काही नसावं, तरी मी नाही म्हणतो. ती रिकामी जागा हा तुमच्या बाजूचा पहिला साक्षीदार आहे. कुणी तपासायला आलं तर तो आधी तिथेच बघणार, आणि तिथे काहीतरी बसवलेलं दिसलं की पुढचा अर्धा तास तुमचा खुलासा करण्यात जाणार. शिवाय घोडा नसलेली बंदूक भिंतीवर वाईट दिसते असं मला कधी वाटलं नाही. टोपी आणि पट्टे जागेवर असले की नजर पूर्ण लांबीवरून फिरते.

जे नवं कराल त्याच्या आतल्या बाजूला, न दिसेल असा, वर्षाचा छाप मारा. २०२५ असेल तर २०२५. बाहेर मुकुट आणि टॉवर कोरून देणारे कारागीर भेटतात, त्यांना नमस्कार करून परत यावं. उद्या तुमच्या नातवाने ती कुणाला दाखवली तर जुनं काय आणि नवं काय हे त्याला सांगता आलं पाहिजे. उरलेले जुने स्क्रू, मोडके तुकडे टाकू नका, डबीत घालून सोबत ठेवा. आणि बंदूक शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर ती १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते. परदेशातला कुणी चांगली किंमत देतोय म्हणून पाठवून देता येणार नाही.

टांगताना बाहेरच्या भिंतीवर नको, पागोळ्यांची ओल भिंतीतून येते. माजघराची आतली भिंत घ्या. भिंत आणि बंदूक यांच्यात बोटभर हवा राहील असे लाकडी खुंट, त्यांना सुती फेल्ट. चामड्याची पट्टी नको, चामड्यातली आम्लं पितळ हिरवं करतात. पावसाळ्यात दर पंधरवड्याला एक नजर, नारिंगी थेंब दिसला तर तिथेच कापूस.

गणपतीपर्यंत हे होणार नाही. अर्जाला उत्तर यायला वेळ लागतो, गंजातलं मीठ काढायला त्याहून जास्त. यंदा फार तर साफ केलेली, पट्ट्याविना बंदूक भावकीला दाखवता येईल, तीही ठाण्याचा कागद आला असेल तर. पुढचं विचारायचं असेल तेव्हा तीन गोष्टी पाठवा: मधल्या पट्ट्याच्या जागेच्या दोन कागदी फितींची मापं, टोपीच्या जागेचा समोरून आणि खालून काढलेला फोटो, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून, आणि उरलेल्या पट्ट्याची जाडी व्हर्नियरने दोन ठिकाणी मोजून. त्यावरून पट्टी किती जाडीची घ्यायची आणि टोपी ओतावी की ठोकावी, ते सांगता येईल.